पैसे भरलेत म्हणून घाटात?

पावसाळ्यात साताऱ्याच्या घाटमाथ्याला रेड अलर्ट लागला, तरी महाबळेश्वरकडे गाड्या निघतातच. कारण विचारलं तर, "हॉटेलचे पैसे भरलेत, परत मिळणार नाहीत." मला हे कारण फार धोक्याचं वाटतं. गेलात तरी ते पैसे गेले, नाही गेलात तरी गेले. परत मिळण्याजोगी रक्कम असेल तर ती जरूर मोजा. बाकीच्या पैशांचा आजच्या पावसाशी काय संबंध?

1985 साली आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी लोकांना एक काल्पनिक पेच घातला. 100 डॉलरची एक सहल, 50 डॉलरची दुसरी; दोन्ही एकाच शनिवार-रविवारी, दोन्हींचे पैसे भरून झालेत, परत मिळणार नाहीत, आणि मजा स्वस्त सहलीतच जास्त येणार. तरीही 61 पैकी 33 जणांनी महागडी सहल निवडली!

असं का होतं, याचा उलगडा मानसशास्त्रज्ञ कानेमान आणि ट्वर्स्की यांच्या 1979 सालच्या सिद्धांतातून होतो. पैसे भरताच मनात त्या सहलीचं खातं उघडतं. सहल रद्द केली की ते तोट्यात बंद होतं. आता तोट्याच्या दुःखाचा आलेख काढा. शून्याजवळ तो एकदम वर चढतो, पुढे सपाट होत जातो. पहिला हजार गेल्याचं दुःख मोठं, सहावा तितका बोचत नाही. म्हणून सहा हजारांच्या तोट्यात बसलेल्या माणसाला आणखी नुकसान किरकोळ वाटतं आणि शून्यावर परतण्याची आशा मोठी. खात्रीचा तोटा नको म्हणून तो धोका पत्करतो.

त्यात 'निघाल्यावर माघारी फिरणं अशुभ' ही समजूत. दरडीला शकुन कळत नाहीत. पाणी मुरून माती सुटली की ती खाली येते.

वेळेचं गणित वेगळं आहे. खर्च झालेल्या वेळेचं खातं मन पैशांइतकं चोख ठेवत नाही, असं संशोधक दिलीप सोमण यांना 2001 साली आढळलं. पण 2018 साली मिनेसोटा विद्यापीठात लहान उंदीर (माउस), मोठे उंदीर (रॅट) आणि माणसं या तिघांवर प्रयोग झाले. बक्षिसासाठी 'थांबायचं' असं ठरवून वाट पाहण्यात जितका वेळ गेला, तितकं सोडून जाणं कठीण होत गेलं. थांबावं की नाही या विचारात गेलेला वेळ मात्र कुणालाच अडकवत नव्हता. त्यामुळे महाबळेश्वरला जायचं की नाही, याचा खल साताऱ्यातच करावा. मेढा मागे टाकून गाडी केळघर घाट चढू लागली, की प्रत्येक वळणागणिक परतणं अवघड वाटू लागतं.