केसरबाईंची भैरवी आणि युरेनियमचं घड्याळ

शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर 16 सप्टेंबर 1977 रोजी मुंबईत वारल्या. त्याआधी अकराच दिवस त्यांचा आवाज घेऊन नासाचं व्हॉयेजर 1 हे अंतराळयान पृथ्वीवरून निघालं होतं. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. सोबत 55 भाषांतल्या शुभेच्छा, त्यांत मराठीही. तबकडीच्या एका फेरीला 3.6 सेकंद लागावेत, हे वेष्टनावर हायड्रोजन अणूतल्या एका बदलाशी जोडलेल्या 0.7 नॅनोसेकंदाच्या (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) मापात कोरलं आहे. वेग चुकला तर बाईंचा षड्जच हलेल! यानात वाजवायची सुईसुद्धा आहे.

सुमारे 40,000 वर्षांनी हे यान ग्लीज 445 या ताऱ्यापासून 1.6 प्रकाशवर्षांवरून जाईल. तिथे ते कुणाला सापडेल का?

हरवलेली यानं आपणही शोधली आहेत. ऑगस्ट 2009 मध्ये संपर्क तुटलेलं चंद्रयान 1 नासाने जुलै 2016 मध्ये रडारने हुडकलं. अमेरिकेतल्या गोल्डस्टोन केंद्राच्या 70 मीटर अँटेनातून चंद्राच्या उत्तर ध्रुवाच्या 160 किलोमीटर वर झोत धरला आणि जेमतेम दीड मीटरच्या त्या ठोकळ्याचा प्रतिध्वनी टिपला. पण हा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो. व्हॉयेजर आज सुमारे 2,500 कोटी किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या 65,000 पट दूर आहे. तिथून येणारा प्रतिध्वनी 1 वर 19 शून्यं इतक्या पटीने दुबळा होईल. तेव्हा हा मार्ग बंद.

यान स्वतः बोलतंय तोवरच ते आपल्या हाताशी. नोव्हेंबर 2023 मध्ये ते निरर्थक आकडे पाठवू लागलं. स्मृतीतली एक चिप निकामी झाली होती. अभियंत्यांनी तिच्यातल्या प्रोग्रामचे तुकडे करून ते शिल्लक जागेत बसवले. एकेक आज्ञा पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. एप्रिल 2024 मध्ये संदेश पुन्हा नीट वाचता आला. अंतराळातल्या बचावकार्यांत मला हे सगळ्यात थोर वाटतं. मात्र यानाची वीज प्लुटोनियम 238 च्या उष्णतेतून येते, आणि त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, फक्त 87.7 वर्षं. दरवर्षी सुमारे 4 वॅट घटतात. यान मुकं होणार, हे अटळ आहे.

मग सापडलंच, तर हे केव्हाचं? त्यासाठी वेष्टनावर युरेनियम 238 चा सूक्ष्म थर दिलाय. त्याचं अर्धायुष्य सुमारे 450 कोटी वर्षं. एक टक्का क्षय व्हायलाच साडेसहा कोटी वर्षं लागतात. 40,000 वर्षांत दहा लाखांतले जेमतेम सहा अणू बदललेले असतील. इतक्या 'थोड्या' काळासाठी दुसरा पुरावा अधिक उपयोगी. त्याच वेष्टनावर 14 पल्सारांचा, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं देणाऱ्या ताऱ्यांचा, नकाशा आहे आणि प्रत्येकाचा 1970 च्या सुमाराचा स्पंदनकाळ द्विमान (फक्त 0 आणि 1 वापरणाऱ्या) अंकांत कोरलेला आहे. पल्सार हळूहळू मंदावतात. शोधणाऱ्याने तेव्हाचा स्पंदनकाळ मोजून कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहिला, की मधे किती काळ गेला ते निघेल. आणि नकाशातल्या रेषा ज्या बिंदूतून निघतात, तो आपला सूर्य.