सैनिकी प्रबोधिनीची वाट: ठरवायचं कधी, टिकायचं कशावर

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एनडीएत, जायचं की नाही हे साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात ठरवावं लागतं. पण तिथे पहिल्या टर्मला दाखल झालेल्यांपैकी बरेच जण त्याच्या कितीतरी आधी ठरवून मोकळे झालेले असतात. कोणी साताऱ्याच्या सैनिक स्कूलमधून आलेला असतो, कोणी डेहराडूनच्या आरआयएमसी या लष्करी शाळेतून, कोणी संभाजीनगरच्या एसपीआय या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेतून. इतक्या कोवळ्या वयात हा निर्णय घ्यायची रीत आपल्याकडे कशी पडली आणि आत गेल्यावर मुलं कशाच्या बळावर टिकतात, हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांची सुरुवात शंभर वर्षांपूर्वीच्या एका फजितीपासून होते.

पहिलं महायुद्ध अर्ध्यावर येईपर्यंत हिंदी सैन्याच्या लढाऊ पलटणींत भारतीय माणसाला पूर्ण अधिकाराचं किंग्ज कमिशन, म्हणजे राजाच्या नावाने होणारी अधिकाऱ्याची नेमणूक, मिळतच नव्हतं. जमादार, सुभेदार, फार तर सुभेदार-मेजर, इथे शिडी संपायची. तीस वर्षं नोकरी झालेला सुभेदारसुद्धा कालच विलायतेहून आलेल्या गोऱ्या पोरसवदा अधिकाऱ्याच्या हाताखालचाच. शिवाय ठरावीक जमातीच लढाऊ असं मानणारा लढाऊ जमातींचा सिद्धान्त होताच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. ज्या समाजात डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांच्यासारखी माणसं घडली होती, त्या समाजातल्या पुढच्या पिढीला शिपाई म्हणूनही दार बंद झालं. महार रेजिमेंट उभी राहिली ती थेट १९४१ मध्ये. तेव्हा ‘सैन्यात जायचं का?’ हा प्रश्न पडणं हीच मुळात चैन होती. अनेकांच्या वतीने तो आधीच सोडवून टाकलेला होता.

लॉर्ड कर्झनने १९०१ मध्ये इम्पीरियल कॅडेट कोअर काढली खरी, पण ती संस्थानिकांच्या आणि बड्या घराण्यांच्या मुलांसाठी होती. त्यातून मिळणाऱ्या कमिशनवर गोऱ्या सैनिकांना हुकूम देता येत नसे. १९१७ मध्ये, युद्धात हिंदी शिपायांचं रक्त सांडून झाल्यावर, सरकारने किंग्ज कमिशनची बंदी उठवली आणि इंग्लंडच्या सँडहर्स्ट या लष्करी अकादमीत भारतीयांसाठी वर्षाला दहा जागा राखल्या. इंदूरच्या डेली कॉलेजात तात्पुरती कॅडेट शाळा काढली गेली. पुढे स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती झालेले करिअप्पा तिथून १९१९ मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडले.

फजिती झाली ती सँडहर्स्टमध्ये. दहाच जागा, तरी लायक उमेदवार पुरेसे मिळेनात, आणि गेलेल्यांतले बरेच नापास होऊ लागले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला: यांच्यात नेतृत्वाचा पिंडच नाही. खरं कारण त्याहून साधं होतं. इंग्रज मुलगा लहानपणापासून निवासी शाळेत वाढलेला असे. थंड पाण्याची आंघोळ, सिनियरची दादागिरी, बळेच खेळायला लावलेले खेळ हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं असे. हिंदी मुलगा थेट आईच्या हातच्या जेवणावरून उठून, बोटीचा प्रवास करून, परक्या भाषेत आणि परक्या थंडीत जाऊन पडे. आसपास आपलं म्हणावं असं कोणी नसे.

यावर काढलेला तोडगा आजपर्यंत चालत आला आहे: मुलाला लहानपणीच उचलायचं. १३ मार्च १९२२ रोजी डेहराडूनमध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते त्याच्याच नावाचं रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज सुरू झालं. आजचं आरआयएमसी ते हेच. नाव कॉलेजचं असलं तरी ती शाळा होती, सँडहर्स्टसाठी हिंदी मुलं तयार करणारी. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत पुढे लष्करप्रमुख झालेले थिमय्या होते. आजही तिथे आठवीत प्रवेश मिळतो आणि मूल साडेअकरा ते तेरा वर्षांचं असावं लागतं. आपल्याकडची प्रवेश परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते.

इथे एक शंका मनात येते आणि ती दाबून ठेवण्यात अर्थ नाही. साडेअकरा वर्षांच्या मुलाचा निर्णय त्याचा किती आणि बापाचा किती? १९२२ मध्ये तो जवळजवळ पूर्णपणे बापाचा होता. सरदार, जहागीरदार, फौजेतले वरिष्ठ सुभेदार आपल्या मुलांना तिथे धाडत. आजही परिस्थिती फार बदललेली नाही, फक्त जहागीरदाराच्या जागी हवालदार, शिक्षक आणि शेतकरी आले आहेत.

इकडे कायदेमंडळात मागणी वाढत होती की अधिकारी घडवण्याची सोय इथेच हवी. योग्य हिंदी उमेदवार का मिळत नाहीत, हे शोधायला १९२५ मध्ये जनरल स्कीन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९३३ पर्यंत हिंदुस्थानी सँडहर्स्ट उभं करा असं सुचवलं. सरकारने आधी टाळाटाळ केली, पण गोलमेज परिषदेनंतर माघार घेतली. १ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडूनची इंडियन मिलिटरी ॲकॅडमी ४० कॅडेट्सवर सुरू झाली. त्या पहिल्या तुकडीत सॅम माणेकशा होते.

या अकादमीची आखणी करणाऱ्या चेटवूड समितीत नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे होते. अकादमी निघाली तरी तिला मुलं पुरवणार कोण, हा प्रश्न त्यांना छळत होता. १९३१ मध्ये इटलीला जाऊन त्यांनी मुसोलिनीची भेट घेतली आणि तिथल्या तरुणांच्या लष्करी संघटना पाहून ते भारावून गेले. १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं. या शाळेचा इतिहास सांगताना इटलीचा उल्लेख गाळायची पद्धत आहे. ती मला पटत नाही, कारण त्या काळात लष्करी शिक्षणाचा विचार कुठून कुठून येत होता हे त्याशिवाय कळत नाही. पुण्यातली श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल त्याच्याही आधीची, १९३२ सालची. तिची प्रेरणा कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याच्या परंपरेतली होती.

एवढं सगळं असून मराठी मुलूख शिपायांचाच राहिला. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. घरटी एक जवान अशी ख्याती असलेल्या या पट्ट्यात अधिकारी मात्र मोजके. वडगावच्या शंकरराव थोरातांसारखे १९२६ मध्ये सँडहर्स्टमधून बाहेर पडलेले आणि पुढे लेफ्टनंट जनरल झालेले अपवादच. जवान होण्यासाठी भरतीच्या मैदानावर गेलं की झालं. अधिकारी होण्यासाठी इंग्रजी, मुलाखत आणि अशी एखादी शाळा लागते याची गावात खबरही नसे.

निवड होते कशी, यातही दुसऱ्या महायुद्धाने बदल केला. आधी घराणं, शिफारस आणि एक मुलाखत एवढ्यावर भागे. युद्धात अधिकारी हजारोंनी हवे झाले, आणि घराणं बघून घेतलेले पुष्कळ जण कुचकामी ठरले. १९४३ मध्ये डेहराडूनला ब्रिटिश धर्तीचं प्रायोगिक निवड मंडळ बसलं. आजची पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे निवड मंडळापुढची चाचणी, तिथून आली. छातीवर नंबर लावून वावरणं, चित्र पाहून गोष्ट लिहिणं, मैदानावर लाकडी फळ्या आणि दोर घेऊन गटाने अडथळा ओलांडणं, शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. ‘सैन्यात का यायचंय?’ याचं पाठ केलेलं उत्तर इथे उघडं पडतं, कारण मानसशास्त्रज्ञ, जीटीओ (गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी) आणि मुलाखत घेणारा अधिकारी तिघंही तोच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत असतात. लेखी परीक्षेत पहिल्या शंभरात असलेली मुलं इथून परत येतात आणि काठावर पास झालेली रेकमेंड होतात. शिकवणीवाल्यांना हे अजून पचलेलं नाही.

खडकवासल्याची कथा सुरू होते सुदानमध्ये. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या लढाईत हिंदी सैनिकांनी सुदान वाचवला, त्याबद्दल तिथल्या सरकारने एक लाख पौंड स्मारकासाठी दिले. फाळणीनंतर त्यातले ७० हजार भारताच्या वाट्याला आले. दगडी स्तंभ उभारण्यापेक्षा अकादमी काढावी असं ठरलं, आणि फील्ड मार्शल ऑकिन्लेक यांच्या समितीने डिसेंबर १९४६ मध्ये सुचवलं की भूदल, नौदल आणि हवाई दल, तिन्हींचे कॅडेट सुरुवातीपासून एकत्रच शिकावेत. बाहेर पडल्यावर हे अधिकारी आपापल्या दलाच्या अभिमानात अडकतात, त्याआधीच त्यांची मैत्री व्हावी हा हेतू. जागा शोधताना खडकवासला मनात भरला तो तलाव, डोंगर, जवळचा लोहगावचा विमानतळ आणि फार लांब नसलेला समुद्र यांमुळे. युद्धकाळात याच तलावाकाठी सैन्याला बोटींतून किनाऱ्यावर उतरण्याचं शिक्षण दिलं जाई. मुंबई राज्याने जमीन दिली आणि ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली.

इमारती होईपर्यंत थांबायचं नव्हतं. १ जानेवारी १९४९ पासूनच डेहराडूनजवळ क्लेमंट टाउनला जॉइंट सर्व्हिसेस विंग, म्हणजे तिन्ही दलांचं हे एकत्र शिक्षण, सुरू झालं होतं, युद्धकाळात इटालियन कैदी ठेवलेल्या बराकींमध्ये. त्या अगदी पहिल्या कोर्समधल्या मुलांत हे तिघं होते: सुनीथ रॉड्रिग्ज, लक्ष्मीनारायण रामदास आणि निर्मलचंद्र सुरी. १९९१ मध्ये ते तिघं एकाच वेळी भूदल, नौदल आणि हवाई दलाचे प्रमुख होते. समितीच्या मनातली गोष्ट याहून नेमकी खरी होणं अवघड. रॉड्रिग्ज मूळ गोव्याचे. रामदास जन्माने मुंबईचे, निवृत्तीनंतर अलिबागजवळ स्थायिक झालेले.

डिसेंबर १९५४ मध्ये प्रबोधिनी खडकवासल्याला हलली. लाल दगडातल्या घुमटाच्या मुख्य इमारतीला सुदान ब्लॉक हे नाव मिळालं. ‘सेवा परमो धर्मः’ हे ब्रीद.

आता आत टिकण्याबद्दल. एनडीएत तीन वर्षं, सहा टर्म. कॅडेट स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या तुकड्यांत, राहतात, आणि मुलाची ओळख पहिल्या दिवसापासून हीच: हंटरचा, पँथरचा, किलोचा. पहिली टर्म सगळ्यात वाईट. ड्रिल स्क्वेअर टेस्ट ही कवायतीची परीक्षा पास होईपर्यंत रविवारी पुण्यात लिबर्टीला, म्हणजे सुट्टीवर, जाता येत नाही, सायकली हाणत वर्गांना पळायचं आणि वर्गात डोळे मिटू द्यायचे नाहीत. सिनियरकडून मिळणाऱ्या शिक्षेला तिथे ‘रगडा’ म्हणतात. मोठी चूक केली तर सुट्टीच्या दिवशी सिंहगड हाइक, म्हणजे आपण भजी-दही खायला चढतो तोच गड त्यांनी पाठीवर सामान घेऊन, वेळेत चढून-उतरून यायचा. शारीरिक चाचणी किंवा अभ्यासात कमी पडला तर रेलीगेट होतो, सहा महिने मागे जातो. रेलीगेट होण्याचं दुःख सहा महिन्यांपेक्षा कोर्समेट, म्हणजे बरोबर दाखल झालेले सोबती, सुटल्याचं जास्त असतं.

प्रबोधिनीची रचना याच दुःखावर उभी आहे, असं मला वाटतं. सँडहर्स्टला गेलेल्या पहिल्या हिंदी मुलांकडे जिद्द कमी नव्हती, पण प्रत्येकाची जिद्द सुटी सुटी होती. खडकवासल्यात शिक्षा सगळ्यांना मिळते, क्रॉसकंट्रीचे गुण स्क्वाड्रनला मिळतात, मागे पडलेल्याला दोघांनी ओढत आणायचं असतं. देशभक्तीच्या भाषणांनी सोळा-सतरा वर्षांचं मूल पहाटे फ्रंट रोल मारत नाही. बाजूचा मारतोय म्हणून मारतं. परमवीर चक्र मिळालेले सालारिया, खेत्रपाल आणि मनोज पांडे हे इथलेच. परेडचं मैदान खेत्रपालच्या नावाचं आहे आणि त्यावर संचलन करताना ते नाव डोळ्यांसमोर असतं, हे खरं. पण तिसऱ्या आठवड्यात घरी फोन करून ‘मला न्या’ म्हणणाऱ्या मुलाला बहुतेकदा थांबवतो तो कोर्समेटच.

तरीही काही जण सोडतात. पालकांनी प्रवेशावेळी बाँड लिहून दिलेला असतो. वैद्यकीय कारण नसताना मधेच सोडलं तर झालेला खर्च वसूल होऊ शकतो. हा बाँड किती जणांना थांबवतो आणि थांबलेल्यांपैकी किती जण मनाने थांबतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मुलं लवकर तयार करण्याची कल्पना स्वातंत्र्यानंतर राज्याराज्यांत गेली. २३ जून १९६१ रोजी देशातलं पहिलं सैनिक स्कूल साताऱ्यात निघालं, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना. अपशिंगेच्या जिल्ह्यात ते निघालं हे योग्यच झालं. आरआयएमसी ज्यांना परवडत नव्हतं वा ठाऊकच नव्हतं, त्यांच्यापर्यंत ही शाळा पोहोचली. पुढची पायरी १९७७ ची. राज्य सरकारने औरंगाबादला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीनंतर निवडलेली साठ मुलं, दोन वर्षं, राहणं-जेवण-शिकवणं आणि एनडीएची तयारी. या संस्थेने निर्णयाचं वय अकरावरून पंधरावर आणलं. माझ्या मते ते फार महत्त्वाचं होतं, कारण पंधराव्या वर्षी मुलाला स्वतःचं मत असतं.

मुलींच्या वतीने मात्र निर्णय बंदच होता. १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्या असा अंतरिम आदेश दिला. सरकारने पुढच्या वर्षीपर्यंत मुदत मागितली, ती नाकारली गेली. नोव्हेंबरमधल्या त्या परीक्षेला पावणेदोन लाखांच्या वर मुलींनी अर्ज केले. जागा होत्या १९. त्या तुकडीतल्या १७ जणी ३० मे २०२५ रोजी ‘अंतिम पग’ ही दीक्षान्त संचलनातली शेवटची पायरी ओलांडून बाहेर पडल्या. आरआयएमसीत २०२२ पासून मुली आहेत, आणि नाशिकला राज्य सरकारने २०२३ मध्ये मुलींसाठी सेवापूर्व संस्था काढली.

एक भाग अजून अर्धवटच आहे. प्रशिक्षणात जायबंदी होऊन बाहेर काढलेल्या कॅडेटला कमिशन मिळालेलं नसतं, त्यामुळे तो माजी सैनिक ठरत नाही आणि त्या दर्जाचे लाभ त्याला मिळत नाहीत. बाँड लिहून घेणारं सरकार या मुलांशी मात्र दशकानुदशकं असंच वागत आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याची स्वतःहून दखल घेतली, त्यानंतर माजी सैनिकांची वैद्यकीय योजना त्यांना लागू झाली. पेन्शनच्या दर्जाचा प्रश्न त्याने मिटलेला नाही.