‘मजा नाही आली’ म्हणजे नेमकं काय?

पोस्टरचं चौथं डिझाइन पाठवलं जातं आणि समोरून उत्तर येतं, ‘छान आहे, पण मजा नाही आली.’ सुधारणेसाठी लागणारी माहिती या वाक्यात जवळजवळ शून्य असते, झोंबण्याचा गुण मात्र पुरेपूर. मग डिझायनर एक तर ‘ओके, बदलून पाठवतो’ म्हणून रात्र घालवतो, नाहीतर ‘तुम्हाला हवंय तरी काय?’ असं फणकाऱ्यानं विचारतो. दोन्हींत पोस्टर आहे तिथंच राहतं.

आपलं मत, गरज किंवा नकार आडपडदा न ठेवता सांगायचा आणि तोच हक्क समोरच्यालाही द्यायचा, याला मानसशास्त्रात ठाम संवाद म्हणतात. अँड्र्यू सॉल्टर यांनी १९४९मध्ये आणि जोसेफ वोल्प यांनी १९५८मध्ये यावर लिहिलं, ते ऑफिसांसाठी नव्हे, तर चारचौघांत दबून जाणाऱ्या रुग्णांवरच्या उपचारांच्या संदर्भात. म्हणजे सुरुवातीपासूनच ठामपणाकडे शिकता येणारं कसब म्हणून पाहिलं गेलं. पुढे १९७४मध्ये केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांनी वादातल्या वागण्याच्या पाच तऱ्हा मांडल्या, त्यांची मांडणी दोन वेगळ्या अक्षांवर होती: स्वतःचं म्हणणं किती रेटता आणि समोरच्याचं किती सांभाळता. एक वाढलं की दुसरं घटलंच पाहिजे असं नाही. ‘मी जरा स्पष्ट बोलतो’ म्हणत लोकांना तोडणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात आलेलं नसतं.

सर्जनशील कामात हे जास्त अवघड का जातं? पुलाच्या खांबानं किती वजन पेलायचं याचा आकडा आधी ठरलेला असतो. गाण्याची चाल, पुस्तकाचं मुखपृष्ठ, दृश्याची लय यांचं ‘चांगलं’ मात्र प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असतं आणि बहुतेकदा ते कुणी उच्चारलेलंच नसतं. त्यात स्वतः बनवलेल्या वस्तूवरची माया आहे. मायकल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिएली यांच्या २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, नवख्यांनी स्वतः केलेल्या वेड्यावाकड्या ओरिगामीला जवळपास तज्ज्ञांच्या कामाइतकी किंमत लावली. त्रयस्थांना तीच ओरिगामी कवडीमोलाची वाटली. पलीकडच्या बाजूला टीकाकाराचा मोह असतो. टेरेसा अमाबिले यांना १९८३मध्ये असं दिसलं, की पुस्तकाचं नकारात्मक परीक्षण लिहिणारा वाचकांना अधिक बुद्धिमान वाटतो, आवडतो मात्र कमी. रिव्ह्यू मीटिंगमध्ये पहिलं खुसपट काढण्याची घाई कशातून येते, याचं बरंचसं उत्तर इथं आहे.

फीडबॅक दिला की काम सुधारतं, हे गृहीतही तपासून घ्यायला हवं. अव्रहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६मध्ये शेकडो निष्कर्ष एकत्र करून पाहिले. सरासरी परिणाम चांगला होता, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर कामगिरी घसरली होती. त्यांचं स्पष्टीकरण असं, की लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की फीडबॅकचा उपयोग कमी होत जातो. ‘तुझी शैली जुनी झाली’ हे वाक्य माणसाबद्दल आहे. ‘पहिल्या परिच्छेदात तीन वेळा तीच उपमा आली’ हे वाक्य मजकुराबद्दल आहे आणि त्यावर लगेच काही करता येतं.

बोलण्याआधी भांडण कशाचं आहे ते ओळखावं. कॅरन जेन यांच्या नव्वदच्या दशकातल्या संशोधनातून तीन प्रकार पुढं आले: कामाविषयीचे मतभेद, माणसामाणसांतला खटका, आणि कुणी काय करायचं व अखेरचा शब्द कुणाचा यावरचा वाद. कामाविषयीचा वाद पोषक असतो असं बरीच वर्षं मानलं जाई. कार्स्टन डे ड्रू आणि लॉरी वाइनगार्ट यांच्या २००३च्या एकत्रित विश्लेषणानं त्याला धक्का दिला, कारण सरासरी पाहता कामाविषयीचे वादही कामगिरीला मारकच दिसले. २०१२च्या आणखी मोठ्या विश्लेषणात थोडा खुलासा झाला. कामाचा वाद जिथं वैयक्तिक खटक्यात मिसळत नाही, तिथं त्याचा तोटा बराच कमी होतो. वाद घालण्याची उघड मुभा असेल तर फायदाही दिसतो. चार्लन नेमेथ आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये गटांना कल्पना सुचवायला सांगितलं, तेव्हा ‘एकमेकांच्या कल्पनांवर वाद घाला, टीकाही करा’ अशी सूचना मिळालेल्यांनी ‘टीका करू नका’ असं सांगितलेल्यांपेक्षा कमी नव्हे, उलट थोड्या अधिक कल्पना दिल्या.

सर्जनशील क्षेत्रात तिसरा प्रकार सर्वांत फसवा असतो. फॉन्टवरून तासभर जुंपते, पण खरा प्रश्न ‘हे ठरवणार कोण?’ हा असतो. ओळखण्याची एक साधी खूण आहे. समोरच्यानं तुमची सूचना जशीच्या तशी मान्य केली तरी राग उरणार असेल, तर भांडण फॉन्टचं नाही.

आता ‘मजा नाही आली’कडे परत येऊ. इथं ठामपणा म्हणजे बचाव न करता मोघम वाक्याचं तपासता येईल अशा वाक्यात रूपांतर करून घेणं. ‘का नाही आवडलं?’ असं विचारू नये. त्या ‘का’नं समोरचा कारणं शोधू लागतो आणि हाताला लागेल ते सांगतो. त्याऐवजी कुठं, कुणाला आणि काय, हे विचारावं. ‘पाहताना नजर आधी कुठं गेली?’ ‘पाहणाऱ्याला पहिल्या तीन सेकंदांत काय कळायला हवं?’ ‘या दोन डिझाइनपैकी जवळचं कोणतं, आणि त्यात काय आहे जे दुसऱ्यात नाही?’ उत्तरं ऐकून एका वाक्यात परत म्हणावं: ‘म्हणजे चेहरा दिसतोय, पण तारीख शोधावी लागतेय, बरोबर?’ समोरच्यानं ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय फाइल उघडू नये.

आणखी एक चाळणी लावावी लागते. क्लायंट बहुतेकदा तक्रार न सांगता थेट उपाय सांगतो. ‘लोगो मोठा करा’ हा उपाय झाला. त्यामागची तक्रार ‘जाहिरात कुणाची ते लक्षात राहत नाही’ अशी असू शकते आणि तिच्यावर लोगोभोवती मोकळी जागा सोडणं हा जास्त चांगला इलाज ठरू शकतो. तक्रार त्यांची, उपाय तुमचा, अशी वाटणी केली की निम्मी चकमक टळते. उपाय नाकारायचा तर तक्रार आधी मान्य करावी, नाहीतर नकार अहंकारासारखा ऐकू येतो.

स्वतःची तक्रार मांडायची असेल तेव्हा शॅरन आणि गॉर्डन बोवर यांनी १९७६मध्ये दिलेला चार पायऱ्यांचा साचा अजून उपयोगी पडतो: वर्णन, भावना, मागणी, परिणाम. चित्रपटाच्या संकलकाचं निर्मात्याशी बोलणं घ्या (‘पिक्चर लॉक’ म्हणजे दृश्यांची जुळणी आता बदलायची नाही असं ठरणं). ‘पिक्चर लॉक सोमवारी झाला. त्यानंतर कालपर्यंत तीन वेगवेगळ्या लोकांकडून नऊ बदल आले. साउंडसाठी कोणती आवृत्ती पाठवायची याची मला खात्री राहिली नाही, त्याचा ताण येतोय. यापुढचे बदल एकाच यादीत, तुमच्याकडूनच, गुरुवारी दुपारपर्यंत हवेत. तसं झालं तर शुक्रवारी मिक्सिंग सुरू होईल, नाहीतर तारीख तीन दिवस पुढं जाईल.’ लॉकनंतर मधले दोन सेकंद काढले तरी पुढचा सगळा आवाज आणि संगीत सरकतं आणि पुन्हा जुळवावं लागतं. म्हणून इथला ‘परिणाम’ धमकी ठरत नाही, ते वेळापत्रकाचं गणित आहे. तेच वाक्य ‘नाहीतर मी प्रोजेक्ट सोडतो’ असं झालं, की ऐकणारा मागणी विसरतो आणि धमकीला उत्तर देऊ लागतो.

हा साचा बिघडतो तो बहुतेकदा पहिल्या दोन पायऱ्यांवर. वर्णनात ‘नेहमी’, ‘कधीच’ आलं की समोरचा एकमेव अपवाद शोधून काढतो आणि चर्चा त्या अपवादावर अडकते. भावनेच्या जागी आरोप घुसतो: ‘मला वाटतं तुम्ही बेजबाबदार आहात’ यात ‘मला वाटतं’ असलं तरी भावना कुठंच नाही. मागणी एका वेळी एकच ठेवावी. मानधन, सुट्टी आणि श्रेयनामावली एकाच बैठकीत काढली तर सर्वांत स्वस्त मागणी मान्य होते आणि बाकीच्या मिटल्या असं धरलं जातं.

नकारासाठी कारणांची रांग लावू नये. प्रत्येक कारण हा वाद घालायला नवा मुद्दा असतो. ‘आज दोन फ्रेम देऊ शकते, पाचही हव्या असतील तर बुधवार,’ एवढं पुरे. आग्रह झाला तर हेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा. तिसऱ्यांदा म्हणताना संकोच वाटतो खरा.

आपण जास्त बोललो की कमी, हे आपलं आपल्याला नीट कळत नाही. डॅनियल एम्स आणि अॅबी वाझलावेक यांच्या २०१४च्या अभ्यासात, वाटाघाटीत समोरच्याला अतिआग्रही वाटलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना आपण बेताचेच किंवा कमीच ठाम होतो असं वाटत होतं. उलटही घडलं: अगदी योग्य प्रमाणात ठाम राहिलेल्या अनेकांना आपण मर्यादा ओलांडली असं वाटलं. म्हणून बैठकीत हजर असलेल्या तिसऱ्या माणसाला विचारणं हाच भरवशाचा मापक. शिवाय हे मोजमाप सर्वांना सारखं लागत नाही. हॅना रायली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाइ यांच्या २००७च्या प्रयोगांत, पैसे वाढवून मागणाऱ्या स्त्रियांबरोबर काम करण्याची इच्छा पुरुषांच्या तुलनेत जास्त घटली. ‘जरा ठाम व्हा’ असा सल्ला देणाऱ्यांनी ही किंमत कोण मोजतं तेही सांगावं.

नाजूक गोष्ट लिहून पाठवणं टाळावं. जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांच्या २००५च्या प्रयोगात ईमेल पाठवणाऱ्यांना वाटलं, की आपला उपरोध ७८ टक्के वेळा ओळखला जाईल. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळा ओळखला गेला, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरा. आवाजात हाच आकडा ७३ होता. मतभेद फोनवर किंवा समोरासमोर बोलावेत आणि ठरलेलं मात्र लेखी पाठवावं. बरीच मंडळी नेमकं उलट करतात.

गटातल्या फीडबॅकसाठी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९०मध्ये घडवलेली पद्धत चित्रकलेपासून पटकथेपर्यंत चालते. एक जण सूत्रधार असतो. पहिल्या फेरीत पाहणारे फक्त काय लक्षात राहिलं, काय भिडलं ते सांगतात. दुसरीत कलाकार प्रश्न विचारतो. तिसरीत पाहणाऱ्यांचे प्रश्न, पण ज्यांत मत दडलेलं नाही असेच. ‘इतका अंधार का ठेवलास?’ हा प्रश्न नाही, शेरा आहे. ‘इथला प्रकाश ठरवताना डोक्यात काय होतं?’ हा प्रश्न. चौथ्या फेरीत परवानगीनं मत: ‘शेवटाबद्दल एक मत आहे, सांगू?’ कलाकार ‘नको’ म्हणू शकतो. घाईत लोक तिसरी फेरी गाळतात आणि पद्धत तिथंच कोसळते, कारण चौथ्या फेरीतली निम्मी मतं त्या प्रश्नांच्या उत्तरांनीच विरून जाणारी असतात.

‘ठरवणार कोण’ हा वाद मात्र बोलण्याच्या कौशल्यानं फारसा सुटत नाही, तो काम सुरू होण्यापूर्वीच्या कागदावर सुटतो. बदलांच्या फेऱ्या किती, एक फेरी म्हणजे काय, एकत्रित सूचना कोण देणार, अखेरचा होकार कुणाचा, नाव कोणत्या भूमिकेखाली आणि कोणत्या क्रमानं, मध्येच कुणी बाहेर पडलं तर श्रेयाचं काय. पैसे बुडवणं किंवा छळ याला मतभेद म्हणत नाहीत. तिथं संवादाचे साचे बाजूला ठेवून तारखांसह नोंदी जपाव्यात आणि तक्रारीचा औपचारिक मार्ग धरावा.

एरवी बैठक संपली की त्याच दिवशी तीन ओळींचा मेल जावा: काय ठरलं, कोण करणार, केव्हापर्यंत. खाली एक ओळ, ‘उद्या सहापर्यंत हरकत आली नाही तर हेच धरून पुढं जातो,’ आणि फाइलच्या नावात ‘फायनल’ऐवजी आवृत्तीचा क्रमांक.