फुकट चॅनलसाठी टीव्ही अँटेना (ठाणे-नवी मुंबई)

महिन्याचं भाडं न भरता टीव्ही बघायचा तर इकडे दोनच सोयी, एक गच्चीवरचा आडव्या दांड्यांचा अँटेना जो जमिनीवरच्या टॉवरकडून सिग्नल घेतो, आणि दुसरी छत्री म्हणजे डिश, जी सॅटेलाइटकडून घेते. कळव्यापासून बेलापूरपर्यंत आता नव्याने लावायचं असेल तर बहुतेकांना छत्रीच सोयीची पडते, कारण जमिनीवरून येणारे चॅनल म्हणजे फक्त दूरदर्शनचे.

दांड्यांचा अँटेना नक्की कोणाचा यावर बराच वाद आहे. साधारण 1924 ते 1926 च्या दरम्यान जपानमध्ये सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा यांच्या कामातून तो आला एवढं सगळे मान्य करतात. पण पेटंट एकट्या यागींच्या नावावर निघालं, 1928 चा गाजलेला इंग्रजी लेखही त्यांचाच, आणि उदांचे लेख जपानीत होते ते बाहेर फारसे कोणी वाचले नाहीत, त्यामुळे जगभर नाव पडलं ते यागी. एक मत असं की कल्पना यागींची आणि प्रयोग उदांचे, दुसरं असं की मुळात सगळंच उदांचं. दांड्यांची लांबी, त्यांच्यातलं अंतर हे बदलून बदलून मोजण्याचं काम बघितलं तर उदांच्या बाजूला जास्त वजन आहे असं वाटतं, अर्थात यागींनी त्या लेखात उदांचं श्रेय नाकारलेलं नाही. हल्लीच्या पुस्तकांत यागी-उदा असं जोडनावच असतं.

त्याचं काम सोपं आहे: केबल जोडलेली दांडी एकच, तिच्या मागे थोडी लांब दांडी सिग्नल परत फेकायला, पुढे आखूड दांड्या तो ओढून आणायला. आखूड बाजू टॉवरकडे, हे उलटं लावलेले अँटेना अजून गच्च्यांवर दिसतात. केबलवाली दांडी लहरीच्या साधारण निम्म्या लांबीची लागते, म्हणून 47 ते 68 मेगाहर्ट्झच्या जुन्या बँडसाठी ती दोन मीटरच्या वर जाते आणि यूएचएफला, म्हणजे त्याहून खूप वरच्या फ्रिक्वेन्सीच्या बँडला, 470 मेगाहर्ट्झच्या आसपास जेमतेम फूटभर. जुना सांगाडा यूएचएफला चालत नाही तो यामुळे. दुकानात ‘डिजिटल अँटेना’ म्हणून जास्त पैसे सांगतात त्यात फार दम नाही, डिजिटल असतो तो ट्यूनर, म्हणजे टीव्हीत किंवा डब्यात सिग्नल उलगडणारा भाग, दांडीला काय कळतंय.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, टॉवर वरळीला. ठाण्याहून ती दिशा नैऋत्य, वाशीहून पश्चिम पण किंचित दक्षिणेकडे, बेलापूरहून जवळजवळ सरळ पश्चिम, अंतर सरळ रेषेत 20 ते 26 किलोमीटरच्या घरात. ऐरोली-कोपरखैरणेला समोर खाडी, मोकळं. घोडबंदर रोडला येऊरच्या डोंगराला चिकटलेल्या बिल्डिंगा आणि पारसिकच्या मागचं तळोजा यांना मात्र डोंगर आडवा येतो, तिथे अँटेना भारीतला घेण्यापेक्षा उंच लावणं कामाचं. 2016 मध्ये 16 शहरांत डीव्हीबी-टी2 नावाचं डिजिटल प्रसारण सुरू झालं त्यात मुंबई होती, ॲनालॉग ट्रान्समीटर नंतर टप्प्याटप्प्याने बंद होत गेले. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत, चित्र एकतर स्वच्छ दिसतं नाहीतर तुकडे पडून गायब, त्यामुळे ‘थोडं दिसतंय, जरा फिरव’ हा प्रकार जवळजवळ संपला.

छत्री मोफत म्हणजे प्रसार भारतीची डीडी फ्री डिश, डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने आली. सध्याचा सॅटेलाइट जीसॅट-15, पूर्वेला 93.5 अंशांवर. ठाण्याहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून उजवीकडे मोजलं तर साधारण 131 अंशांवर, आणि क्षितिजापासून 57-58 अंश वर. पण छत्री तेवढी वर बघताना दिसत नाही, ती पुष्कळ उभी वाटते, कारण तिचा एलएनबी, म्हणजे ताटलीसमोर दांडीवर बसवलेला सिग्नल पकडणारा डबा, मध्यावर नसून खाली असतो आणि ताटलीचा खरा रोख तिच्या तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वरचा असतो, नवखे लोक इथेच फसतात. एलएनबी पण 45 अंशांच्या आसपास पिळून ठेवावा लागतो.

इतका उंच कोन असल्याने डोंगराचा त्रास नाही, त्रास शेजारच्या टॉवरचा. आग्नेयेला 20 मीटरवर बिल्डिंग असेल तर ती छत्रीपासून साधारण 31 मीटर वर गेली की सिग्नल अडला, अंतराची दीडपट हा ढोबळ हिशोब. आग्नेयेची गॅलरी किंवा खिडकीची ग्रिल मिळाली तर सोसायटीच्या गच्चीचं कशाला बघायचं, पश्चिमेच्या फ्लॅटवाल्यांना मात्र सेक्रेटरीला विचारावंच लागतं. वरच्या मजल्याचा स्लॅब पुढे काढलेला असेल तर तोही आड येतो हे लोक विसरतात.

केबल आरजी-6, 75 ओहमची, जोड कमीत कमी. खाडीच्या खाऱ्या हवेत कनेक्टर गंजतात, म्हणून रबरी टेप आणि केबल आत शिरण्याआधी एक खाली लोंबता वळसा, पाणी तिथून गळून जातं. जुलैत मुसळधार पाऊस असला की छत्रीचा केयू बँडचा (सॅटेलाइटच्या उंच फ्रिक्वेन्सीचा) सिग्नल थोडा वेळ जातो, त्याला नट फिरवत बसू नये, पाऊस कमी झाला की तो आपोआप येतो.