जिबुती : दोरालेच्या कराराची पार्श्वभूमी

मे 1998 मध्ये इथिओपिया आणि एरिट्रिया यांच्यात युद्ध पेटले. एरिट्रियातले असाब बंदर इथिओपियाला बंद झाले आणि त्याचा जवळजवळ सगळा सागरी व्यापार शेजारच्या जिबुती या छोट्या किनारी देशावर येऊन पडला. फ्रेंचांच्या काळातली मीटर गेज रेल्वे 1917 पासून अदिस अबाबापर्यंत जात होती खरी, पण तोवर ती पार खिळखिळी झाली होती. जुन्या गोदीत मोठ्या कंटेनर जहाजांपुरती खोली नव्हती. जिबुती शहराजवळच्या दोरालेच्या कंटेनर टर्मिनलची गरज यातून निर्माण झाली.

ते चालवण्याचा दुबईच्या डीपी वर्ल्ड कंपनीशी झालेला करार ऑक्टोबर 2006 चा, मुदत 30 वर्षांची. धक्का 1,050 मीटर लांब, पाण्याची खोली 18 मीटर. 2009 मध्ये टर्मिनल सुरू झाले. भागभांडवलात जिबुतीच्या बंदर कंपनीचा हिस्सा दोन तृतीयांश, दुबईच्या कंपनीचा एक तृतीयांश. एवढेच वाचले तर टर्मिनल जिबुतीच्या ताब्यात होते असे वाटेल. प्रत्यक्षात रोजचा कारभार दुबईच्या कंपनीकडे होता आणि संचालक मंडळावरही तिचीच पकड होती. त्यात सर्वांत जाचक कलम एकाधिकाराचे: देशाच्या हद्दीत कुठेही कंटेनर हाताळायचे तर ते या टर्मिनलमार्फतच.

याच दुबईच्या कंपनीकडे आपल्या न्हावाशेव्यातही टर्मिनल आहे. तिथे मात्र शेजारच्या धक्क्यांवर दुसरे चालक काम करतात, त्यामुळे एकाचे दर वाढले किंवा काम रेंगाळले तर माल दुसरीकडे वळवता येतो. दोरालेच्या करारात हा मार्गच बंद होता. अवघा देश बंदरावर जगत असताना पुढचे कंटेनर बंदर कधी, कुठे आणि कोणाबरोबर बांधायचे, हा निर्णय 30 वर्षांसाठी गहाण पडला. करारातला खरा दोष हाच. हिश्श्याच्या टक्केवारीवर झालेली बरीचशी चर्चा मुद्दा सोडून होती.

2013 मध्ये बंदर कंपनीचा 23.5 टक्के हिस्सा एका चिनी कंपनीने घेतला. त्याच भागीदारीतून 2017 मध्ये दोरालेलाच बहुउद्देशीय बंदर उभे राहिले आणि एकाधिकाराच्या कलमाशी थेट टक्कर झाली. मधल्या काळात, 2014 मध्ये, करार लाच देऊन मिळवल्याचा आरोप घेऊन सरकार लंडनच्या लवादापुढे गेले होते. फेब्रुवारी 2017 मध्ये तो आरोप फेटाळला गेला. नोव्हेंबरमध्ये धोरणात्मक करारांच्या फेरवाटाघाटीचा कायदा झाला आणि 22 फेब्रुवारी 2018 रोजी सरकारने टर्मिनल ताब्यात घेतले. पुढे बंदर कंपनीने टर्मिनलचे संचालक बदलण्याचा प्रयत्न केला. त्यावर इंग्लंडच्या न्यायालयाने मनाई हुकूम दिला, कारण दुबईच्या कंपनीबरोबरच्या भागीदारीचा करार इंग्लिश कायद्याखाली होता. सप्टेंबरमध्ये सरकारने बंदर कंपनीचे या टर्मिनलमधले भागच राष्ट्रीयीकृत केले.

तक्रार रास्त होती, वाट चुकीची निवडली. सार्वभौमत्वाचा दावा देशाच्या हद्दीत चालतो. लवादापुढे सहीच मोजली जाते. 2019 मध्ये लवादाने 38.5 कोटी डॉलर आणि व्याज भरण्याचा आदेश दिला, तो मुख्यतः एकाधिकार मोडल्याबद्दल. दुसरीकडे वळवलेल्या कंटेनरांवरच्या थकीत स्वामित्वधनापोटी आणखी 14.8 कोटी.

दरम्यान मालाची वाट बदलत होती. जानेवारी 2018 मध्ये अदिस अबाबा ते जिबुती विजेवरची नवी स्टँडर्ड गेज (ब्रॉडगेजपेक्षा अरुंद) रेल्वे व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. लांबी साधारण 750 किलोमीटर. अदिस ते अदामा दुहेरी मार्ग, पुढे एकेरी. म्हणून एक गाडी अडली की मागच्या सगळ्या खोळंबतात. इथिओपियाची आयात निर्यातीच्या कितीतरी पट आहे. खत, गहू, यंत्रे वर चढतात. कॉफी आणि तेलबिया खाली येतात, पण त्यांनी वाघिणी भरत नाहीत. इथिओपियातल्या मोजोच्या ड्रायपोर्टवर, म्हणजे समुद्रापासून दूरच्या कंटेनर आगारात, रिकामे झालेले कंटेनर परत आणण्याचा खर्च शेवटी आयातीच्या भाड्यातच चढतो. सीमेवरच्या गलाफीच्या नाक्यावरून जाणारे ट्रक अजूनही टिकून आहेत, कारण ते माल थेट गोदामाच्या दारात उतरवतात. रेल्वेच्या मालाला शेवटच्या टप्प्यासाठी पुन्हा ट्रक लागतोच.

या सगळ्यात व्यापाऱ्याला एक आधार आहे. जिबुतीचा फ्रँक 1949 पासून डॉलरला बांधलेला आहे आणि 1973 पासून दर एका डॉलरला 177.721 फ्रँकवरून हललेला नाही. विनिमयाची जोखीम जवळजवळ नाही, पण निर्यात स्वस्त करायला चलन उतरवण्याचा पर्यायही नाही. म्हणून गोदीचे दर आणि जहाजाचा थांबा एवढेच स्पर्धेचे हत्यार हाती उरते.

ती स्पर्धा आता सोमालियापासून स्वतंत्र असल्याचे सांगणाऱ्या सोमालीलँडमधल्या बर्बेरा बंदराकडून आहे. दुबईच्या कंपनीने 2016 मध्ये तिथला करार केला आणि 2021 मध्ये नवे कंटेनर टर्मिनल उघडले. जानेवारी 2024 मध्ये इथिओपियाने सोमालीलँडशी समुद्रवाटेचा सामंजस्य करार केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जिबुतीने आपल्या ताजुरा बंदराचा कारभार चालवायला घेण्याचा प्रस्ताव इथिओपियापुढे ठेवला.