पक्षाघातानंतर रुग्णाला उठवायचं, पण किती वेळ?

‘लवकर उठवा, भरपूर चालवा, म्हणजे लवकर बरा होईल’ हा सल्ला पक्षाघाताच्या रुग्णाच्या खाटेभोवती हमखास ऐकू येतो. पडून राहिलं की न्यूमोनिया होतो, पायात गुठळ्या होतात, बेडसोअर होतात, स्नायू झडतात. त्यामुळे तो पटतोही. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अव्हर्ट’ चाचणीने त्यातल्या ‘भरपूर’ला चाप लावला.

पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांची या चाचणीत दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला पहिल्या २४ तासांतच उठवायला सुरुवात, शिवाय खाटेबाहेरची हालचाल जास्त वेळा आणि जास्त वेळ. तीन महिन्यांनी फारसं परावलंबित्व न उरलेले रुग्ण नेहमीच्या गटात ५० टक्के होते, तर जास्त हालचालीच्या गटात ४६ टक्के!

असं का व्हावं? एक संभाव्य कारण मेंदूच्या रक्तपुरवठ्यात आहे. गुठळीने धमनी बंद झाली की मधला भाग काही मिनिटांत मरू लागतो. त्याच्या भोवतीचा पट्टा, म्हणजे पेनम्ब्रा, अर्धपोटी पण जिवंत असतो. आपण उठून बसतो तेव्हा डोकं हृदयापेक्षा २५-३० सेंटीमीटर वर जातं आणि मेंदूच्या पातळीवरचा रक्तदाब सुमारे २० मिलिमीटरने उतरतो. निरोगी मेंदूला याचा पत्ताही लागत नाही, कारण तिथल्या बारीक धमन्या लगेच रुंदावतात आणि प्रवाह कायम राहतो. पेनम्ब्रातल्या धमन्या मात्र रक्त ओढून घेण्यासाठी आधीच पूर्ण रुंदावलेल्या असतात. नळ पुरता उघडलेला असेल तर टाकीतली पातळी उतरताच धार बारीक होणारच. म्हणजे दाब उतरला की प्रवाह उतरला.

स्पष्टीकरण सुबक आहे, पण सिद्ध झालेलं नाही. २०१७च्या ‘हेडपोस्ट’ चाचणीत ११ हजारांहून अधिक रुग्णांपैकी काहींना पहिले २४ तास सपाट झोपवलं, काहींना डोकं किमान ३० अंश उचलून ठेवलं. परिणामात फरक पडला नाही. अर्थात ३० अंशांवर टेकून राहणं आणि पायांवर उभं राहणं यात अंतर आहे.

‘अव्हर्ट’च्याच आकड्यांचं पुढचं विश्लेषण जास्त उपयोगी ठरलं. एकूण मिनिटं तेवढीच ठेवून दिवसातून उठवण्याच्या खेपा वाढवल्या, तर चांगल्या परिणामाची शक्यता वाढताना दिसली; खेपा तेवढ्याच ठेवून मिनिटं वाढवली, तर ती घटताना. थोडक्यात, पहिल्या दिवसांत अर्धा तास सलग बसवण्यापेक्षा पाच-सात मिनिटं, पण अनेकदा. उठवण्याआधी आणि उठवल्यावर रक्तदाब बघायचा. चक्कर आली, बोलणं अडखळलं किंवा हातातली ताकद कमी झाली, तर लगेच झोपवून डॉक्टरांना बोलवायचं.

कुणी लकव्यावरचं ‘रामबाण’ तेल सुचवेलच. चोळल्याने बरं वाटतं, पण मेंदूकडून हाताकडे आदेश जाण्याचा सराव त्यातून होत नाही. तो रुग्णाने स्वतः हालचाल केली तरच होतो.

प्रकृती स्थिरावल्यावर गणित बदलतं. दम वाढवणारा व्यायाम आठवड्यातून ३ ते ५ दिवस, २० ते ६० मिनिटं, गरज पडल्यास १०-१० मिनिटांचे तुकडे करून. जोर हार्ट रेट रिझर्व्हच्या, म्हणजे कमाल नाडी (अंदाजे २२० वजा वय) आणि विश्रांतीची नाडी यांतल्या फरकाच्या, ४० ते ७० टक्के. वय ६०, विश्रांतीची नाडी ७० असेल तर २२० वजा ६० म्हणजे १६०. त्यातून ७० गेले, उरले ९०. त्याचे ४० टक्के ३६ आणि ७० टक्के ६३. दोन्हींत ७० मिळवले की नाडी १०६ ते १३३ च्या दरम्यान हवी. ही पट्टी गाठायची ती हळूहळू, आणि हृदयाची तपासणी झाल्यावरच. बीटा ब्लॉकर (रक्तदाब, हृदयविकारासाठी दिलं जाणारं, नाडी मंदावणारं औषध) चालू असेल तर हे सूत्र फसतं: औषध नाडी वाढूच देत नाही, त्यामुळे १०६ गाठण्याच्या नादात रुग्ण नको तितका दमतो. अशा वेळी नाडी सोडून श्वासाकडे बघावं. चालताना वाक्य पुरं बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम पुरे.