रेडपोल: तीन प्रजातींची एक होताना

परदेशात जाऊन रेडपोल हे उत्तरेकडचे छोटे फिंच पक्षी पाहून आलेल्या मुंबईच्या पक्षीनिरीक्षकांच्या, पाहिलेल्या प्रजातींच्या याद्या २०२४ च्या अखेरीस आखडल्या. कॉमन, होअरी आणि लेसर या तिन्ही रेडपोलांची मिळून एकच प्रजाती झाली. त्या उन्हाळ्यात पक्ष्यांच्या प्रजातींची अधिकृत यादी ठरवणाऱ्या उत्तर अमेरिकेच्या समितीने तसे ठरवले आणि जागतिक याद्यांनीही तेच स्वीकारले.

तिघांना वेगळे केले होते ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, संग्रहातले नमुने शेजारी ठेवून. कमरेवरचा पांढरा भाग, कुशीवरच्या रेघा, चोचीची लांबी या खुणांवर. मधल्या रूपाचे पक्षी तेव्हाही सापडत आणि ते कुठे बसवायचे यावर वाद होत.

२०१५ मध्ये जीनोमभर, म्हणजे सगळ्या डीएनएवर, तुलना झाली, तेव्हा कॉमन आणि होअरी यांच्यात फरक जवळपास सापडलाच नाही. मग दिसण्यातला फरक येतो कुठून? २०२१ मध्ये उत्तर मिळाले. पहिल्या गुणसूत्राचा सुमारे साडेपाच कोटी डीएनए-अक्षरांचा तुकडा काही पक्ष्यांत उलटा बसलेला आहे. उलट्या-सुलट्या तुकड्यांची आपसात सरमिसळ होत नाही, त्यामुळे त्यातली जनुके गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात. पिसांच्या रंगाशी आणि चोचीच्या आकाराशी संबंधित जनुके त्याच गठ्ठ्यात आहेत. बाकीचा जीनोम मात्र सगळ्यांचा जवळपास सारखा.

एकत्रीकरणाचा मुख्य आधार हाच, आणि तो भक्कम आहे. पण लेसरची बाजू घाईत मागे पडली असे मला वाटते. १९९० च्या दशकात आग्नेय नॉर्वेत लेसर आणि कॉमन एकाच भागात वीण घालत होते, तरी जोड्या बहुतेक आपापल्यातच जमत होत्या. त्या निरीक्षणाच्या बळावर ब्रिटनच्या यादीत लेसरला स्वतंत्र स्थान मिळाले होते. जोडीदार म्हणून कोणाला निवडले जाते हेही प्रजाती ठरवताना मोजले जाते. जीनोम सारखा आहे म्हणून ती नोंद खोटी ठरत नाही. त्याच ठिकाणी आज काय दिसते, हे तपासून मग निर्णय झाला असता तर बरे झाले असते.

जनुकांनी उलटाही न्याय केला आहे, दिसायला सारखा पक्षी वेगळा ठरवून, आणि तो आपल्या बाजूच्या डोंगरांतला. १९२९ मध्ये काराकोरममध्ये ५,००० मीटरहून अधिक उंचीवर टिपलेले दोन पक्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहात दुसऱ्याच एका माउंटन फिंचच्या नावाखाली सहा दशके पडून होते. १९९२ मध्ये ते सिलेम्स माउंटन फिंच म्हणून वेगळे झाले. २०१२ मध्ये चीनच्या चिंगहाय प्रांतात जिवंत पक्ष्याचे फोटो मिळाले. २०१६ मध्ये जुन्या नमुन्यांतल्या डीएनएने दाखवले की तो माउंटन फिंच नसून रोझफिंच आहे, तिबेटी रोझफिंचचा सख्खा भाऊ. नराच्या अंगावर गुलाबी छटा नसल्याने नुसत्या डोळ्यांना हे कळणे अवघडच होते.

मुंबईत फोर्टमधल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जुन्या संग्रहातही हिमालयातल्या फिंचचे नमुने आहेत. नमुन्याच्या पायाच्या तळव्याचा चिमूटभर तुकडा अशा तपासणीला पुरतो.

रेडपोलची प्रजाती एक झाली, तरी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर होअरी आणि लेसर हे गट म्हणून अजून नोंदवता येतात. जुन्या नोंदी नुसत्या ‘रेडपोल’ करून टाकू नका. नॉर्वेचा प्रश्न पुन्हा उघडला, तर त्या लागतील.